आत्ताची माणसं की दिवाळीनंतरची? : समाजशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील विद्यापीठांच्या समाजशास्त्र अभ्यास मंडळांचे सन्माननीय अध्यक्ष व सदस्य यांस,



मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेली २२ वर्षे समाजशास्त्र शिकवते. बीएच्या पहिल्या वर्षाला 'समाजशास्त्राची ओळख' आणि तिसऱ्या वर्षाला 'सामाजिक संशोधन पद्धती' हे दोन पेपर बहुतेक वेळा माझ्याकडेच असतात. आपण ठरवलेला अभ्यासक्रम ज्या वर्गात शेवटी पोचतो, त्या वर्गातून हे पत्र लिहिते आहे. आपल्यापैकी काहींची पुस्तके वाचून मी शिकले, काहींच्या उजळणी वर्गाला बसले. तेव्हा तक्रार केली तरी ती घरच्या माणसाची तक्रार समजावी.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. तिसऱ्या वर्षाच्या तासाला प्रश्नावली कशी तयार करतात ते दाखवत होते. फळ्यावर पहिला प्रश्न लिहिला, 'तुमच्या कुटुंबात एकूण किती माणसे आहेत?' आणि म्हटले, आधी प्रत्येकाने स्वतःचे उत्तर लिहा. मागच्या बाकावरची एक मुलगी पेन धरून नुसती बसली होती. जवळ गेले तेव्हा तिने हळूच विचारले, "मॅडम, आत्ताची माणसं लिहू का दिवाळीनंतरची?"

तिच्या घरचे ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. आई, वडील, मोठा भाऊ, भावजय आणि कडेवरचे लेकरू कारखान्याकडे निघतात, ते उन्हाळा लागल्यावर परततात. तोवर घरात आजी, ती आणि धाकटा भाऊ. आत्ताची माणसे आठ, दिवाळीनंतरची तीन.

त्या दिवशी दुसरा प्रश्न फळ्यावर लिहिलाच गेला नाही. कुटुंब म्हणजे कोण, यावरच तास संपला. एका छपराखाली राहतात ते? एका चुलीवर जेवतात ते? मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या एकाच उचलीचे देणे ज्यांच्या डोक्यावर आहे ते? एक मुलगा म्हणाला, त्याचे वडील आणि काका एकाच वाड्यात राहतात, पण चुली दोन आहेत. शेत मात्र सातबाऱ्यावर अजून आजोबांच्याच नावे आहे. एक मुलगी म्हणाली, मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून 'एक कोयता' धरतात, म्हणजे वहीत तिच्या आईचे नावच नाही. मी सांगितले, जनगणनेत एका स्वयंपाकघरातून जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरतात आणि २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. त्यावर मागच्या बाकावरची ती मुलगी म्हणाली, "फेब्रुवारीत तर आमची माणसं कारखान्याकडं कोपीत असतात. मग त्यांना कुठं मोजलं?"

इतका चांगला प्रश्न मला वर्षानुवर्षांत कोणी विचारला नव्हता. तरीही तास संपताना दोघातिघांनी विचारले, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" नव्हते. परीक्षेला आले, 'कुटुंबाची व्याख्या देऊन वैशिष्ट्ये स्पष्ट करा.' पहिल्या वर्षी हाच प्रश्न त्या मुलीलाही आला होता. तिने मॅकआयव्हर आणि पेज यांची व्याख्या लिहिली, आठ वैशिष्ट्ये ओळीने लिहिली आणि चांगले गुण घेतले. त्या व्याख्येत तिचे स्वतःचे घर बसते का, हे तिला कोणी विचारले नाही. मीही नाही. या पत्राचे मूळ तिथे आहे.

माझी पहिली तक्रार व्याख्यांबद्दल आहे. आपल्या प्रश्नपत्रिकांनी व्याख्या ही पाठ करायची वस्तू करून ठेवली आहे. खरे तर समाजशास्त्रातली प्रत्येक मोठी व्याख्या कुणीतरी तपासली आहे, मोडली आहे, पुन्हा जुळवली आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवकार्य. पुढे आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुवा गावी कुटुंबांचा अभ्यास केला आणि दाखवले की चुली वेगळ्या झाल्या तरी मालमत्तेतून आणि एकमेकांच्या जबाबदाऱ्यांतून एकत्रपण टिकून राहते. ए. एम. शहा यांनी तर घर आणि कुटुंब या दोन गोष्टींची गल्लत करू नका, असा आग्रहच धरला. वाड्यातल्या दोन चुलींचे आणि आजोबांच्या सातबाऱ्याचे कोडे माझ्या विद्यार्थ्याला पडले, ते या तिघांच्याही पुढ्यात होते. हे कळले की विद्यार्थ्याची पाठ ताठ होते. पण आपल्या पेपरात ही तीन नावे आली तर 'योगदान स्पष्ट करा' एवढ्यापुरतीच येतात.

व्याख्येशी कसे वागावे याचा वस्तुपाठ तर आपल्या घरात आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्यांनी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या समोर ठेवल्या, एकेकीत काय निसटते ते दाखवले आणि जातीबाहेर लग्न करण्यावरची बंदी हेच जातीचे मर्म आहे, असा निष्कर्ष काढला. एका विद्यार्थ्याने चार नामवंतांच्या व्याख्या तपासून पाचवी भूमिका घेतली. आमच्या विद्यार्थ्याला मात्र आपण 'जातीच्या कोणत्याही दोन व्याख्या लिहा' असे विचारतो. ज्यांच्या नावाने आपण विद्यापीठ चालवतो, त्यांची अभ्यासाची रीत परीक्षेतून वगळतो, हे मला फार लागते.

दुसरी तक्रार अभ्यासक्रमाच्या रचनेची. संकल्पना पहिल्या वर्षाला आणि पद्धती तिसऱ्या वर्षाला, अशी आपण जोडी तोडली आहे. दोन वर्षे मुले दर्जा, भूमिका, समूह, संस्था, सामाजीकरण असे शब्द पाठ करतात. मग अचानक नमुना, प्रश्नावली, मुलाखत, निरीक्षण हे शब्द पाठ करतात. पहिल्या शब्दांचा दुसऱ्यांशी काही संबंध आहे, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. कसे येणार? 'काम' ही संकल्पना घ्या. गावात जाऊन बाईला विचारले, "तुम्ही काय काम करता?" तर उत्तर येते, "काही नाही, घरीच असते." असे म्हणत ती एका हाताने म्हशीची धार काढत असते. तोच प्रश्न, "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं?" असा विचारला की पान भरते. भारत सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचे सर्वेक्षण केले, ते याच दुसऱ्या रीतीने. घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ निघाला, पुरुषांचा ९७ मिनिटांचा. 'घरीच असते' या दोन शब्दांत जवळजवळ पाच तास दडले होते. प्रश्न बदलला म्हणून ते दिसले. संकल्पना आणि पद्धत ही एकाच कामाची दोन टोके आहेत, हे समजायला यापेक्षा मोठे उदाहरण लागत नाही.

दर्खाईमचेही तेच. 'आत्महत्या' हा त्याचा ग्रंथ १८९७ चा. आमची मुले त्यातले आत्महत्येचे प्रकार घडाघडा म्हणतात. एक माणूस का गेला, हे दर्खाईम विचारत नव्हता. एका समाजात आत्महत्येचा दर वर्षानुवर्षे जवळपास तोच का राहतो आणि दुसऱ्या समाजात वेगळा का असतो, हे तो विचारत होता. हे मर्म वर्गात येत नाही. त्याहून महत्त्वाचा प्रश्न आकडे कोणी आणि कसे लिहिले, हा. माझ्या जिल्ह्यात तो प्रश्न पुस्तकी नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मदतीसाठी जे प्रकरण तयार होते, त्यावर 'पात्र' किंवा 'अपात्र' असा निर्णय होतो. जमीन कुणाच्या नावावर होती, कर्ज कुणाचे होते, यावर ते ठरते. ज्या घरात जमीनच नाही, तिथे काय होते, हे माझ्या वर्गातल्या मुलांना ठाऊक आहे. काहींना जवळून ठाऊक आहे. त्यांना आपण दर्खाईमचे प्रकार पाठ करायला लावतो आणि नोंदीचा हा प्रश्न विचारायला शिकवत नाही.

तिसरी तक्रार प्रकल्पांबद्दल आहे आणि ती करताना मला त्रास होतो. काही वर्षांपूर्वी एका परीक्षेसाठी माझ्याकडे प्रकल्प तपासायला आले होते. एका प्रकल्पाला ५० भरलेल्या प्रश्नावल्या जोडल्या होत्या. पहिल्या दहा पाहिल्या तोवर संशय आला. पेन दोनच, अक्षर एकच, वय सगळ्यांचे ३५ किंवा ४०, मत सगळ्यांचे 'होय'. कोठेही खाडाखोड नाही. खऱ्या माणसांशी बोलून भरलेल्या कागदावर खाडाखोड असते; माणूस आधी एक सांगतो, मग थांबून दुसरे सांगतो. हे ५० जण कुणालाच भेटले नव्हते. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, हे आपणा सर्वांना माहीत आहे. दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. ५० घरे फिरायला वेळ लागतो, एसटीचे भाडे लागते आणि बरोबर जायला शिक्षक लागतो. अनेक महाविद्यालयांत या विषयाला कायम शिक्षकच नाहीत. तासिका तत्त्वावरचे शिक्षक तीन ठिकाणी तास घेतात. त्यांनी मुलांना वस्तीवर न्यायचे कधी? तरीही नियमात '५० प्रतिसादक' असतातच. पाच खऱ्या मुलाखतींनी मूल जे शिकते, ते ५० खोट्या प्रश्नावल्यांनी शिकत नाही. उलट तथ्य बनवता येते, हे ते शिकते आणि पदवी घेऊन बाहेर पडते. समाजशास्त्राच्या पदवीधराने शिकू नये असे जर काही असेल, तर ते हेच.

आता काही जण गूगल फॉर्मवर माहिती मिळवतात. मी त्यांना अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाची गोष्ट सांगते. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी त्यांनी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि लॅन्डन जिंकणार असा अंदाज निघाला. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने जिंकले. टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटारींची नोंदणी अशा याद्यांतून पत्ते घेतले होते. मंदीच्या त्या काळात ज्यांच्याकडे हे काही नव्हते, ते निसटले. शिवाय ज्यांनी उत्तरे धाडली, ते न धाडणाऱ्यांसारखे नव्हते. आमच्या गावात गूगल फॉर्म कुणापर्यंत पोचत नाही, ही यादी मुले स्वतःच करतात. नमुना निवड हा धडा त्या यादीतून कळतो. 'नमुना निवडीचे प्रकार सांगा' या प्रश्नातून कळत नाही.

चौथी तक्रार आपल्या मातीतल्या अभ्यासाच्या विसराची. मुले मॅलिनोव्हस्कीची ट्रोब्रियंड बेटे जाणतात, ते त्यांनी जाणावेच. पण त्र्यंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली मराठीत आला, हे त्यांना ठाऊक नसते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याची जमीन, तिचे पडलेले तुकडे आणि लोकांचे कर्ज यांची घरोघर मोजदाद केली. तो अभ्यास १९१७ साली प्रसिद्ध झाला. आज तिथे आयटीवाल्यांच्या उंच इमारती आहेत आणि बीडची कितीतरी मुले त्या भागात भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्यासाठी याहून जवळचा धडा कोणता? सहभागी निरीक्षण शिकवताना इरावतीबाईंचे वारीवरचे लेखन का येत नाही? त्या दिंडीबरोबर पंढरीच्या वाटेवर चालल्या आणि एकत्र अभंग म्हणणारी माणसे जेवायला वेगवेगळी बसतात, हे त्यांनी टिपले, बोचले म्हणून सांगितले. आमच्या वर्गात दरवर्षी वारीला जाणारी घरे आहेत. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला. शंभर वर्षांहून जुनी ही परंपरा आपल्या पेपरात जन्म-मृत्यूच्या सनांपुरती का उरावी?

पाचवी तक्रार शिष्टाचाराची, म्हणजे दुसऱ्याच्या दारात कसे उभे राहावे याची. विद्यार्थी नेतात त्या छापील प्रश्नावलीत 'नाव' च्या खाली बहुधा 'जात' असते. मुलगा दारात उभा राहतो, नाव विचारतो, लगेच जात विचारतो. समोरचा माणूस आक्रसतो. पुढची सगळी उत्तरे मग दाराच्या आतून येतात. प्रश्नांचा क्रम, परवानगी, नाव गुप्त ठेवणे हे आम्ही 'उत्तम प्रश्नावलीची लक्षणे' या टिपेत दोन ओळींत उरकतो. कोण कुणाच्या घरी जातो, कुठल्या वस्तीत बसतो, कुठे पाणी पितो, यावर काय दिसते आणि काय दिसत नाही, हेही शिकवले पाहिजे. एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या ज्या खेड्यात राहिले, त्याला त्यांनी पुस्तकात रामपुरा म्हटले. १९७० साली स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत त्यांनी तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या आणि 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' (१९७६) त्यांनी प्रामुख्याने आठवणीतून लिहिले. आपण गाव बहुतांशी वरच्या जातींच्या बाजूने पाहिले, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. एवढा मोठा अभ्यासक आपली मर्यादा सांगतो. हा प्रामाणिकपणा विद्यार्थ्यांपुढे ठेवायला कोणते युनिट आहे?

सहावी, छोटी पण रोजची तक्रार शब्दांची. 'हायपोथेसिस' ला एका पुस्तकात गृहीतक, दुसऱ्यात गृहीतकृत्य, तिसऱ्यात अभ्युपगम, चौथ्यात परिकल्पना. प्रश्नपत्रिकेत कोणता येईल, या धास्तीने मुले चारही पाठ करतात आणि चारही वेगळ्या गोष्टी आहेत असे समजतात. शब्द एक ठरवा, सोपा ठरवा आणि सगळीकडे तोच वापरा.

तक्रारी झाल्या. आता मागणे मांडते.

१. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक संकल्पनेबरोबर एक पाहणी द्या. 'कुटुंब' शिकताना आपल्या गल्लीतल्या दहा घरांच्या चुली मोजाव्यात. 'दर्जा' शिकताना लग्नाच्या पंगतीत कोण आधी बसले, ते लिहावे. 'काम' शिकताना घरातल्या एका बाईच्या एका दिवसाची नोंद करावी.

२. प्रश्नपत्रिकेत किमान एक प्रश्न असा ठेवा, ज्याचे उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही. एक प्रसंग द्या, एक व्याख्या द्या आणि विचारा, ही व्याख्या इथे कुठे अपुरी पडते?

३. '५० प्रतिसादक' ही अट काढा. पाच मुलाखती मागा, पण प्रत्येकीबरोबर क्षेत्रातली कच्ची वही मागा, खाडाखोडीसकट. गुण त्या वहीला द्या.

४. नव्या शैक्षणिक धोरणाने क्षेत्र प्रकल्पाला क्रेडिट दिले, ही चांगली गोष्ट झाली. त्या क्रेडिटबरोबर शिक्षकाचे तास आणि प्रवासाचा खर्च मंजूर व्हावा, यासाठी आपण विद्यापीठाकडे शब्द टाका. आमचा आवाज तिथवर पोचत नाही, आपला पोचतो.

५. आत्रे, मान, कर्वे, आंबेडकर यांचे अभ्यास 'विचारवंत' या युनिटमधून काढून पद्धतीच्या युनिटमध्ये आणा. त्यांनी काय म्हटले, याच्या बरोबरीने त्यांनी ते कसे शोधले, हे शिकवू द्या.

६. परिभाषेची एक सामाईक यादी सर्व विद्यापीठांनी मिळून करावी.

यातले एकही मागणे पैशाच्या राशीचे नाही. लागतो तो विश्वास : आमच्या मुलांच्या डोळ्यांवर आणि आमच्या, शिक्षकांच्या, तपासण्यावर. प्रामाणिक कच्ची वही ओळखणे अवघड नसते, हे मी अनुभवाने सांगते.

त्या मुलीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबते. दिवाळीला घरी असताना तिने आपल्या वस्तीतली बारा घरे एका वहीत लिहून काढली. प्रत्येक घरापुढे दोन रकाने केले, 'दिवाळीआधी' आणि 'दिवाळीनंतर'. जानेवारीत दुसरा रकाना भरला. दोन घरांपुढे तिथे शून्य होते. एका घरापुढे '१' लिहिले होते आणि शेजारी कंसात 'म्हातारी, जेवण शेजारी' असे. ही एक म्हातारी कुठल्या घराची धरायची, जिथे झोपते तिथली की जिथे जेवते तिथली, असा प्रश्न तिने पानाच्या तळाशी लिहून ठेवला होता. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तिला गुण द्यायला आपल्या गुणपत्रिकेत रकाना नाही.

आपण आमच्या गावी यावे, ही आग्रहाची विनंती. एकदा नाही, दोनदा या : दिवाळीआधी आणि दिवाळीनंतर. दोन्ही वेळा माझ्या वर्गातले बाक मोजा. मग अभ्यासक्रमावर बसून बोलू.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातील
समाजशास्त्राची एक शिक्षिका